डावीकडे ओढणारी गाडी

अमरावतीच्या परकोटाबाहेर, नागपुरी दरवाज्यापासून थोड्या अंतरावर, गयासुद्दीन मिस्त्रींची टिनाची शेड होती. दुसरे महायुद्ध सुरू होण्याआधीच्या त्या वर्षांत मध्यप्रांत-वऱ्हाडात मोटारसायकली मोजक्या होत्या. आणि जिच्या डाव्या अंगाला तिसरे चाक व बसण्याची डोली जोडलेली आहे अशी मोटारसायकल तर तालुक्यात एखादीच दिसे. शहरातले लोक तिला साइडकार म्हणत, खेड्यांतले ‘होडी’ म्हणत. अशी होडी बिघडली की दर्यापूर, मूर्तिजापूर, अगदी अकोल्याहूनही ती बहुधा याच शेडमध्ये येई.

मिस्त्री मूळचे एलिचपूरच्या गवंड्यांच्या घराण्यातले. वडिलांच्या हाताखाली त्यांनी भिंती उभारल्या, कमानी बांधल्या. ऐन तारुण्यात एका कापसाच्या कोठाराच्या बांधकामावर ते परांचीवरून कोसळले आणि उजवा गुडघा कायमचा ताठ झाला. शिडी चढणे संपले. मग नागपूरच्या एका मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात त्यांनी काही वर्षे काढली आणि अमरावतीला परतून स्वतःची शेड टाकली. मोटारसायकल सुरू करायचा खटका उजव्या पायाने मारावा लागतो, ब्रेकही त्याच पायाखाली. त्यामुळे आयुष्यभर त्यांनी ज्या गाड्या जुळवल्या, त्यांपैकी एकीवरही ते स्वतः कधी बसू शकले नाहीत. गाडी रस्त्यावर कशी चालते हे त्यांना नेहमी दुसऱ्याच्या तोंडून कळे, आणि दुसऱ्याच्या तोंडावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता.

तीन चाकांची मोटारसायकल चालवणे ही दोन चाकांच्या गाडीपेक्षा निराळी विद्या आहे. दोन चाकांची गाडी वळणावर अंग झुकवून वळते. तिसरे चाक लागले की ते झुकणे बंद होते आणि सगळे काम हँडलावर, म्हणजे हातांवर येते. वेग वाढवला की डोलीचे ओझे मागे राहते आणि गाडी डावीकडे ओढली जाते. ब्रेक दाबला की तेच ओझे पुढे धावू पाहते आणि गाडी उजवीकडे फिरते. डोली रिकामी असेल आणि डावे वळण जोरात घेतले, तर तिसरे चाक जमीन सोडते. हे सारे सुसह्य व्हावे म्हणून जोडणी करताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. डोलीच्या चाकाचे तोंड किंचित आत वळलेले हवे, आणि मोटारसायकल स्वतः डोलीपासून किंचित बाहेर, उजवीकडे, कललेली हवी. रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात. डाव्या कडेने चालणारी गाडी उतारामुळे आपसूक डावीकडे जाऊ पाहते, आणि हा उजवा कल तिला धरून ठेवतो. कल चुकून आत, डोलीकडे, गेला तर उतार आणि कल दोघे मिळून गाडीला रस्त्याबाहेर खेचतात.

चाकांचे तोंड मिस्त्री दोरी ताणून पाहत. कल पाहायला मात्र त्यांच्याकडे वडिलांचा पितळी ओळंबा होता. ज्या ओळंब्याने घराण्याने वऱ्हाडातल्या भिंती सरळ केल्या तोच ते हँडलाखाली सोडत आणि चाकाच्या मध्यापासून दोरी बोटभर उजवीकडे सरकलेली दिसली की काम झाले असे समजत. नागपूरच्या कारखान्यातले लोक यासाठी लाकडी पट्टी वापरत. मिस्त्रींना ती अडाण्याची रीत वाटे. पट्टी वाकते, ओळंबा वाकत नाही, असे ते सांगत. शेडमधली शहाबादी फरशीही त्यांनी स्वतःच्या हाताने बसवली होती आणि पाणी ओतून तिची पातळी तपासली होती.

गुलनार ही त्यांची एकुलती मुलगी. आई लवकर गेल्यामुळे ती वडिलांच्या अंगाखांद्यावर आणि शेडमधल्या तेलाच्या वासात वाढली. तिचे लग्न अकोल्याच्या फारुखशी झाले. फारुख हा तेलावरच्या इंजिनांचे एजंट खुशालराव यांच्याकडे फिटर होता. खुशालरावांची होडी तोच चालवी. खुशालराव डोलीत बसत, पायांशी इंजिनाचे सुटे भाग असत, आणि दोघे जिनिंगच्या गावांतून फिरत. फारुख हसरा होता, तोंडाचा जरा फटकळ. सासऱ्यांना तो मामू म्हणे आणि त्यांच्याच शेडमध्ये, त्यांच्याच गिऱ्हाइकांसमोर सांगे की आमचे मामू म्हणजे घोड्यावर कधी न बसलेले नालबंद. मिस्त्रींना हे आवडत असे. जावयाने असे बोलावे आणि आपण खोटे रागवावे, यात त्यांना घर भरल्यासारखे वाटे.

१९३८च्या एप्रिलअखेर खुशालरावांच्या होडीची डोली मोटारसायकलला धरून ठेवणारी एक कडी तडकली. मिस्त्रींनी डोली सोडवली, कडी नवी घडवली, डोली पुन्हा जोडली. दोरी लावली, ओळंबा सोडला, सारे बरोबर आले. पंधरवड्याच्या आत फारुख परत आला. गाडी ओढते, असे त्याचे म्हणणे होते.

मिस्त्रींनी ती नेहमीच्या जागी, दाराकडे तोंड करून उभी केली. एखादा वैद्य नाडीपासून सुरुवात करतो तशी त्यांची तपासणी ठरलेल्या क्रमाने चाले. आधी तिन्ही चाकांतली हवा. मग पुढचे चाक उचलून हँडल दोन्ही बाजूंना सोडून पाहायचे. आतल्या बेअरिंगचे छर्रे झिजले असतील तर ते मध्येच अडते. मग स्पोक एकेक करून पान्ह्याने वाजवायचे आणि ढिल्या स्पोकचा बद्द आवाज ओळखायचा. मग दोरी. शेवटी ओळंबा. एकाही जागी खोट निघाली नाही.

“सडक मंधात उंच आहे,” मिस्त्री म्हणाले. “थोडी तं डावीकडं जाईनच.”

“थोडी नाही, मामू. हात ढिला केला की सीधी नालीत उतरते. दिवसभर मी तिले धरून चालवून राहिलो. संध्याकाळी रोटी तोडाले बोटं वळत नाहीत.”

“तूच तिले घट्ट धरते म्हणून ती लढते. होडी आहे ते, बैल नाही. हात सैल सोड.”

“तुमी एकदा बसून पाहा ना डोलीत.”

“डोलीत बसून हँडल कळते काय? इकडं ये. हे दोरी पाह्य. ओळंबा खोटं बोलते काय?”

फारुखने वाकून पाहिले. दोरी बोटभर अंतरावर स्थिर लोंबत होती. तो सरळ उभा राहिला. नंतर हसून म्हणाला की मामू, तुमचा ओळंबा एकदा माझ्याबरोबर मूर्तिजापुरापर्यंत धाडा, त्याले सडक दाखवून आणतो. शेडमधले लोक हसले, मिस्त्रीही हसले, आणि फारुख गाडी घेऊन गेला.

मे महिन्याच्या अखेरीस गुलनार माहेरी आली होती. दोघांत काही तरी लहानसे रुसणे झाले होते. तिने अकोल्याला जाणाऱ्या मोटारच्या ड्रायव्हरजवळ निरोप दिला की जुम्म्याच्या नमाजेआधी घ्यायला आलात तर येईन, नाही तर ईदपर्यंत इथेच राहते. शुक्रवारी फारुखने खुशालरावांना सकाळीच मूर्तिजापूरला सोडले आणि रिकामी होडी घेऊन तो अमरावतीकडे निघाला. निघण्याआधी स्टेशनसमोरच्या हॉटेलात चहा पिताना तो तिथल्या गाडीवानांना म्हणाला, “बसाले टाइम नाही बावा. बायकोनं वारंट धाडलं.”

वाटेत लग्नाच्या बैलगाड्यांची रांग रस्त्याच्या मधून चालली होती. त्यांना ओलांडण्यासाठी फारुख उजवीकडे जाऊ शकला असता, पण समोरून मालाची मोटार येत होती, म्हणून तो डाव्या कडेला राहिला. पुढे नाल्यावर एक मोरी होती, कठडा नसलेली. गाडीवानांनी सांगितले की होडी हळूहळू कडेकडे गेली, तिच्यावरचा माणूस तिला आवरताना दिसत होता, आणि मग ती खाली गेली. नाला कोरडा होता. पाणी असते तर कदाचित तो वाचला असता, असे नंतर कोणी कोणी म्हणाले.

मय्यत अकोल्याला नेली. गुस्ल, म्हणजे शेवटचे स्नान, देताना मिस्त्रींनी जावयाचे तळहात पाहिले. दोन्ही हातांच्या बोटांच्या मुळाशी फोड येऊन फुटलेले होते. काही जुने, काही अगदी ताजे. पाणी घालणाऱ्या माणसाला ते हलक्या आवाजात म्हणाले की मी याला कितीदा सांगितले, इतके घट्ट धरू नको.

होडी त्यांच्याच शेडमध्ये आणली गेली, कारण दुसरीकडे नेण्यासारखी जागाच नव्हती. पुढचे चाक मोडले होते, डोलीचा पत्रा चेपला होता, पण डोली आणि मोटारसायकल यांना जोडणाऱ्या चारही कड्या जागच्या हलल्या नव्हत्या. पोलीस जमादाराने पंचांसमोर गाडी तपासायला सांगितली. मिस्त्रींनी दुसऱ्या गाडीचे चाक तात्पुरते बसवले, दोरी ताणली, ओळंबा सोडला. दोरी बोटभर अंतरावर उभी राहिली. ते पंचांना म्हणाले की गाडीत दोष नाही. दुसरे काय म्हणणार होते? गेलेल्या जावयाचे नाव वाचवायला खोटे बोलावे, असा विचार त्यांच्या मनात आला असेल. पण ज्या गोष्टीवर त्यांचे आयुष्य उभे होते तिच्याविरुद्ध बोलणे त्यांना शक्य झाले नाही.

गाडीत दोष नाही म्हटल्यावर दोष माणसात उरला. हॉटेलातले वारंटाचे वाक्य मूर्तिजापूरहून अकोल्याला पोचायला वेळ लागला नाही. फारुखची आई फरजानाबी विधवा होती. एकाच मुलाच्या आधारावर तिने आयुष्य रेटले होते. तिने सुनेला मारले नाही, शिव्या दिल्या नाहीत. चाळिसाव्या दिवसाचे आटोपल्यावर पाच बायकांसमोर एवढेच म्हणाली की माझा मुलगा दहा वर्षे मोटारी चालवत होता, कधी खरचटला नाही. तुझ्या निरोपाने त्याला पळवला. गुलनार त्या दिवशीच बापाबरोबर अमरावतीला आली.

तिचा स्वतःचाही यावर विश्वास होता, हीच खरी अडचण होती. ती रडत नसे. घर सारवी, वडिलांना वाढी, आणि स्वतः चतकोर भाकरीवर उठे. मिस्त्रींनी समजूत घालायचा प्रयत्न केला की ती विचारी, “गाडीत दोष होता काय, अब्बा?” त्यावर त्यांना नव्हता असेच म्हणावे लागे. एकदा तिने विचारले की मी शनिवार म्हटले असते तर? मिस्त्री उठून शेडमध्ये गेले. बापाच्या प्रत्येक खऱ्या उत्तराने मुलगी थोडी अधिक दोषी ठरत होती.

पावसाळा अर्धा उलटला. ऑगस्टच्या शेवटी खुशालरावांनी कळवले की होडी आहे तशी विकून टाकायची आहे, तिला निदान उभी राहण्याजोगी करा. ती मेपासून जागची हलली नव्हती. मिस्त्रींना तिच्याकडे पाहणे नको होई, म्हणून तिच्यावर गोणपाट टाकलेले होते. त्यांनी ते काढले आणि केवळ सवयीने, काही शोधायचे म्हणून नव्हे, हँडलाखाली ओळंबा सोडला.

दोरी चाकाच्या दुसऱ्या बाजूला लोंबत होती. मोटारसायकल डोलीकडे कललेली होती, दोन बोटे तरी.

पहिल्यांदा त्यांना वाटले, कोणीतरी कड्यांना हात लावला. पण नटांवर गंज चढला होता आणि गंजावरची धूळ अभंग होती. हवा तपासली, तिन्ही टायर जसेच्या तसे होते. गाडी हलली नाही, तिच्यातला एक नट फिरला नाही, आणि तरी ती कलली. असे कसे होईल? ओळंबा त्यांनी खाली ठेवला. मग त्यांनी बादली आणली आणि गाडीच्या उजव्या चाकांशी पाणी ओतले. पाणी जागेवर पसरून राहिले. मेमध्ये याच जागी गाड्या धुतल्या की पाणी झपाट्याने उजवीकडच्या टिनाच्या भिंतीकडे पळे, हे त्यांना आठवले. ते रोज पाहत होते आणि त्याचा अर्थ त्यांनी कधी लावला नव्हता.

वऱ्हाडातली काळी माती पावसाने फुगते आणि उन्हाने आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, भिंती तडकतात, दारे चौकटीत अडकतात. म्हणून इथले गवंडी काळीवर काही बांधत नाहीत. मुरूम लागेपर्यंत ती खणून काढतात, मग पाया भरतात. मिस्त्रींच्या वडिलांनी या एका नियमापायी कामे सोडली होती. पण शेड म्हणजे घर नव्हे, फरशी म्हणजे भिंत नव्हे, असे मनाशी म्हणून मुलाने काळीवरच वाळू पसरून फरशी बसवली होती. शेडच्या एका बाजूला पाण्याचा हौद होता; त्याच्या ओलीने तिकडची माती बाराही महिने फुगलेली राही, आणि डोली नेहमी त्याच अंगाला येई. मोटारसायकलच्या बाजूला टिनाच्या भिंतीवर दिवसभर ऊन तापे. उन्हाळ्यात ती बाजू खाली बसे, पावसाळ्यात परत वर येई. पाणी ओतून पातळी तपासली होती ती पावसाळ्यात.

ओळंबा खोटे बोललाच नव्हता. तो पृथ्वीच्या मध्याकडे बोट दाखवत होता. मिस्त्रींना विचारायचे होते गाडीविषयी, आणि गाडी ज्या जमिनीवर उभी होती तिच्याविषयी त्यांनी काहीच विचारले नव्हते. भिंतीला ओळंबा पुरतो, कारण भिंत जिथे बांधली तिथेच राहते. गाडी मात्र ती फरशी सोडून दुसऱ्या जमिनीवर जाते. एप्रिलच्या खचलेल्या फरशीवर त्यांनी जी मोटारसायकल उजवीकडे बोटभर कललेली म्हणून सोडली, ती सपाट रस्त्यावर डावीकडे, डोलीकडे, कललेली होती. नागपूरची लाकडी पट्टी फरशीपासूनच माप घेते. फरशी एका बाजूला उतरलेली असली तरी ती फसली नसती. आणि हे सगळे एका माणसाला आधीपासून ठाऊक होते. त्याने येऊन सांगितलेही होते. त्याच्या तळहातांवरचे फोड हे घट्ट पकडीचे नव्हते. एक गाडी जवळजवळ महिनाभर रोज रस्त्यावर धरून ठेवल्याचे होते.

मिस्त्रींनी प्रथम खुशालरावांना बोलावून घेतले. खुशालराव भला माणूस. त्यांनी शांतपणे सगळे ऐकले, ओळंब्याची दोरी पाहिली, ओली फरशी पाहिली.

“हे आता कोणापाशी बोलू नका, मिस्त्री,” ते म्हणाले. “पोलिसाचं काम आटोपलं. फारुख काही वापस येत नाही. तुमच्या शेडमंधी मात्र उद्यापासून कोणी गाडी आणणार नाही.”

“माझी पोरगी दररोज थोडी थोडी मरून राहिली, खुशालराव.”

“अन् तिले हे सांगितल्यावर?”

मिस्त्रींनी गोणपाट उचलून होडीवर पुन्हा टाकले. दोन दिवस ते शेडमध्ये बसून राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी गुलनारला शेडमध्ये बोलावले आणि होडीजवळ उभे राहून, एखाद्या शिकाऊ कारागिराला सांगावे तसे, क्रमाने सांगितले: फरशी, हौद, काळी माती, कल. ती शेडमध्येच वाढलेली होती. तिला एकही गोष्ट दोनदा सांगावी लागली नाही. ती ऐकत असताना एकदाच खाली वाकली आणि फरशीच्या सांध्यावरून बोट फिरवले.

“ते आले होते ना तुमच्याकडं? गाडी ओढते म्हणून?”

“आला होता.”

“मंग तुमी काय म्हटलं त्याईले?”

“हात सैल सोड म्हटलं.”

तिने बोट पुसले. मग घरात गेली आणि चूल पेटवली. संध्याकाळी तिने वडिलांना वाढले आणि समोर बसून स्वतः जेवली. नवरा गेल्यापासून तिने पोटभर खाल्लेले मिस्त्रींनी पहिल्यांदा पाहिले. जेवताना ती रडत होती, पण थांबली नाही. हात धुतल्यावर म्हणाली की अकोल्याच्या अम्मीला, माझ्या सासूला, हे तुम्ही सांगा. मी सांगितले तर वाटेल, स्वतःला सोडवून घेते आहे.

दुसऱ्या आठवड्यात दोघे बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला गेले. गुलनारने बरोबर कपड्यांचे गाठोडे घेतले होते. ते कशासाठी, असे मिस्त्रींनी विचारले नाही.

फरजानाबी ओसरीत तांदूळ निवडत होती. तिने समधीजी म्हणून बसायला सांगितले. मिस्त्री खाली बसू शकत नसत, त्यांना पेटीवर बसावे लागे. त्या दिवशी ते उभेच राहिले. त्यांनी ओळंब्याचा, मातीचा तपशील तिला सांगितला नाही. एवढेच सांगितले की गाडी मी चुकीची जोडली होती, फारुखने मला ते सांगितले होते, मी ऐकले नाही. तो पळवत नव्हता, तो तिला शेवटपर्यंत आवरत होता, गाडीवानांनी ते पाहिले होते आणि आपण त्याचा अर्थ उलटा लावला. तुमच्या सुनेच्या निरोपाचा याच्याशी संबंध नाही.

फरजानाबीचा हात सुपात थांबला होता. तिने आधी गुलनारकडे पाहिले आणि बोटाने आपल्या शेजारची जागा दाखवली. गुलनार तिच्याजवळ जाऊन बसली. मग ती मिस्त्रींना म्हणाली, “पंचासमोर तुमी म्हटलं होतं, गाडी चांगली आहे.”

“मले तसंच वाटत होतं, आपा.”

“माझं पोरगं सगळ्या गावात बदनाम झालं. मी या पोरीले घरातून काढलं.” तिचा आवाज चढला नाही. “तुमी खरं सांगाले इतक्या दूर आले. दुसरा कोणी आला नसता, हे मी समजते. पन मिस्त्री, माझ्या दारात पुन्हा येऊ नका. मले तुमच्याकडं पाहवत नाही.”

मिस्त्रींनी मान हलवली. ते गुलनारकडे वळले. तिचे गाठोडे तिच्या मांडीवर होते आणि तिचे दोन्ही हात त्याच्यावर होते. “मी इथं राहते, अब्बा,” ती म्हणाली. “अम्मी एकटी आहे.” तुम्हीही एकटे आहात, हे तिला ठाऊक होते; ते तिने म्हटले नाही, आणि मिस्त्रींनीही म्हटले नाही. स्टेशनपर्यंत ते चालत गेले.

खुशालराव म्हणाले होते तसेच झाले. मिस्त्रींनी पोलीस जमादाराकडे जाऊन आपले आधीचे म्हणणे मागे घेतले. तिथे कोणाला त्यात रस नव्हता, पण गावाला होता. पुढे शेडमध्ये सायकली, पाण्याचे पंप, शिवणयंत्रे येत राहिली, मोटारसायकल क्वचित. त्यांनी फरशी उखडली आणि मुरूम लागेपर्यंत काळी खणून काढली. हे काम त्यांनी ताठ गुडघ्याने, बहुतेक पेटीवर बसून, एकट्याने केले. त्यानंतर जी थोडी वाहने आली, त्यांच्या मालकांना ते आधी बोलू देत. माणूस बोलायचा थांबला की, आणखी काही जाणवते का, असे विचारत. काहींना हा वेळकाढूपणा वाटे.

गुलनारने दुसरे लग्न केले नाही. सासूजवळ राहून ती शिवणकाम करी. अमरावतीच्या घरी ती पुन्हा कधी आली नाही, आणि मिस्त्री अकोल्याच्या घरी जाऊ शकत नव्हते. वर्षातून दोनदा, दोन्ही ईदनंतरच्या रविवारी, बाप आणि मुलगी बडनेऱ्याच्या फलाटावर भेटत. ती डब्यात शेवया आणी. बाकावर शेजारी बसून दोघे त्या खात. फरजानाबीच्या डोळ्यांचे कसे आहे, कापड किती महाग झाले, शेडमध्ये कोण येते, अशा गोष्टी निघत. फारुखचे नाव निघत नसे. अकोल्याची गाडी आली की ती उठे आणि वडिलांना उठायला हात देई, कारण ठेंगण्या बाकावरून त्यांना एकट्याने उठता येत नसे. ती डब्यात चढून खिडकीशी बसेपर्यंत ते उभे राहत. मग पूल ओलांडून अमरावतीच्या गाडीच्या फलाटावर जात. जिना त्यांना कठीण जाई. ते वर पोचेपर्यंत तिची गाडी बहुधा निघून गेलेली असे.